वाढवा, मॅडमजी

हेलिकॉप्टरला चाबी नाही, ही काकाजींची पहिली तक्रार होती. कॉम्प्युटर ज्या दुकानातून आणला होता, त्या गोंदियाच्या दुकानदाराला त्यांनी फोन लावला होता आणि मी जिना उतरता उतरता ऐकत होते. "हेलिकॉप्टर दिया, चाबी नहीं दिया. ये कौनसा धंदा है, भाई?" पलीकडचा माणूस काहीतरी समजावत असावा, कारण काकाजी बराच वेळ "हं, हं" करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "देखो, चाबी के बिना तो हमारी आलमारी भी नहीं खुलती." मग फोन ठेवून माझ्याकडे वळले. "लुटून राहिले मॅडमजी लोकायले. दिवसाढवळ्या लुटून राहिले."

हेलिकॉप्टर खरं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. ते कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं होतं. पण खेळण्यातलं म्हणावं तर तसंही नव्हतं. खऱ्या हेलिकॉप्टरात असतात तितके काटे, खटके आणि बटणं त्यात होती आणि ती खऱ्यासारखीच वागत. विकत घेतलं की कुणालाही घरबसल्या उडवता येतं म्हणे. उडवता येतं म्हणजे आधी चालू करता आलं तर. आमच्या काकाजींचं घोडं तिथेच अडलं होतं.

काकाजी म्हणजे माझे घरमालक. आमगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायला म्हणून मी कोल्हापूरकडून आले, तेव्हा त्यांच्या घराची माडीवरची खोली मला मिळाली. पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव, गाव, काही विचारलं नाही. माझ्या मनगटाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "दोन-सहा." मला वाटलं, खोलीबद्दल सांगतायत. दोन खिडक्या, सहा खुंट्या, असलं काहीतरी. नंतर कळलं की ते माझ्या बांगडीचं माप होतं. सारी उमर बायकांच्या हातात बांगड्या भरण्यात गेलेली. माणूस ते मनगटावरून ओळखत. नवीन तहसीलदारीण बाई आल्या, तर लोक त्या कडक आहेत की मऊ याची चर्चा करत आणि काकाजी एवढंच सांगत, "दोन-आठ. डाव्या हाताले थोडी ढिली."

घराच्या खालच्या भागात त्यांचं दुकान होतं. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पिना, आरसे. मी आले तेव्हाच ते नावापुरतं उरलं होतं. बायका मोबाइलवरून माल मागवू लागल्या होत्या आणि बांगड्या भरून घ्यायला कुणाचा हात रिकामा नव्हता. एक दिवस त्यांनी उरलासुरला माल देऊन टाकला. काचेचा काउंटर, त्यावरचे बांगड्या ओवून ठेवायचे लाकडी खांब, खांबांवरचे थोडे तोडे, म्हणजे बांगड्यांच्या जुड्या, आणि पिनांचा एक डबा तेवढा ठेवला. पण शटर उघडायची सवय काही जाईना. पहाटे उठून पाणी मारायचं, उदबत्ती लावायची आणि गल्ल्यामागे बसायचं, हे चालूच. आणि बोहनी झाल्याशिवाय ते दुसऱ्या कशाला हात लावत नसत. आता दुकानच नाही तर पहिली विक्री कुठून व्हायची? तर काकू रोज सकाळी पदराला हात पुसत आतून यायच्या आणि स्वतःच्या नवऱ्याकडून एक पिन विकत घ्यायच्या. "द्या बापा, एक पिन. लवकर द्या, भाजी जळून राहिली." काकाजी ती पिन कागदात बांधून द्यायचे. दुपारी काकू तीच पिन परत डब्यात टाकायच्या.

त्यांच्या घरात काहीही बंद होत नसे. दुकान बंद व्हायचं नाही, वाढायचं. देवापुढचा दिवा विझायचा नाही, वाढायचा. हातातली बांगडी फुटली असं म्हणायची तर सोयच नव्हती, बांगडी वाढली म्हणायचं. आमच्याकडेही दिवा वाढवतात, नारळ वाढवतात, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही. पण काकाजींच्या कानाला 'बंद' हा शब्दच सोसत नसे. कुणी म्हटलं तर ते तोंड फिरवून थुंकल्यासारखं करत. दुकान कायमचं आवरलं तेव्हाही ते सगळ्यांना "दुकान वाढवलं" असंच सांगत राहिले. नव्यानं बदलून आलेल्या एका बँकवाल्यानं त्यांचं मनापासून अभिनंदन केलं आणि बाजूचा गाळाही घेतलात का, म्हणून विचारलं. काकाजी त्याला चहा पाजून परत पाठवते झाले, पण खुलासा काही केला नाही.

तर अशा माणसानं त्या काउंटरवर, जिथे बायका कोपर टेकून बसायच्या तिथे, कॉम्प्युटर मांडला. उजवीकडे उभी दांडी, डावीकडे वरखाली सरकणारा एक खटका. दोन्हींना लिंबू-मिरची. समोर शटर सताड उघडं. रस्त्यानं जाणारे-येणारे थांबायचे. "काकाजी, उडलं का?" असं कुणी विचारलं की ते चिडायचे. "उडवाचं कोनाले आहे? चालू कराचं आहे." एवढंच उत्तर. गावाला ते विचित्र वाटे. मलाही वाटे. हेलिकॉप्टर आणायचं, लाइन गेली तर काम अडू नये म्हणून इन्व्हर्टर बसवायचा, आणि उडवायचं मात्र नाही. चाबी नसते हे त्यांनी पुढे मान्य केलं, पण रागानं केलं. त्यांच्या मते ती बनवणाऱ्याची गफलत होती.

मला हे प्रकरण कळलं ते काकूंकडून. त्या वर शेंगा वाळत घालायला येत आणि शेंगांपेक्षा जास्त वेळ माझ्या खोलीत बसत.

त्यांना एक लेक आहे. गोंदियाजवळच्या विमानतळावरून शिकाऊ विमानं उडतात, ती आमच्या डोक्यावरून घरघरत जात. ही पोरगी लहानपणापासून ती बघत मोठी झाली आणि एक दिवस म्हणाली, मीपण. कुठे कुठे शिकली, काय काय परीक्षा दिल्या, आणि हेलिकॉप्टर चालवू लागली. आता एका कंपनीत होती. समुद्रात तेलाच्या विहिरी असतात, तिथे माणसं नेणं-आणणं हे तिचं काम. नोकरी लागल्यावर ती घरी आली तेव्हा काकूंनी शेजारपाजारच्यांना जेवायला बोलावलं. जो तो तिचं कौतुक करत होता. काकाजी वाढत होते. वाढता वाढता म्हणाले, "त्यात काय आहे? चाबी फिरवली का चालू. लोक ऑटो नाही का चालवत?"

लेकीनं हातातला घास ताटात ठेवला. "चालू करून दाखवा बाबा. मंग येईन मी घरी."

"दाखवतो नं," हे म्हणाले.

झालं. त्यानंतरच्या दोन दिवाळ्या ती आली नव्हती. फोन करायची तो आईला. हे जवळ असले तर आई म्हणायची, "घ्या, बोला," आणि हे म्हणायचे, "काम आहे." काम म्हणजे कोणतं ते सांगायला नको.

"दोघंही एकाच मातीचे," काकू म्हणाल्या. "पण तुमाले सांगतो मॅडम, हा माणूस त्या दिवशी तसा बोलला नं, तो घमेंडीनं नाही बोलला. भेते तो. आकाशातून विमान गेलं का पुरी गल्ली बाहेर येते पाहाले, अन् हे पाणी प्याले अंदर जाते. तुमी पाहा."

मी पाहिलं. खरंच होतं. दिवसात जितकी विमानं जात, तितक्या वेळा ते आत जाऊन पाणी पीत. आणि एकदा मी लेकीचा विषय काढला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन-चारचा हात आहे तिचा मॅडमजी. दोन-चार. त्या हातानं काय पेलन ते धूड?"

एका सकाळी इंजिनाच्या किंकाळ्यांनी माझं पेपर तपासणं अशक्य झालं. दहावा की कितवा पेपर असेल, त्यात एका मुलानं गोंदिया जिल्ह्यातून नर्मदा वाहवली होती आणि खालून ती किंकाळी आली. मी तावातावानं खाली गेले. भांडायलाच गेले होते. काकाजी एका हातानं माऊसचं बटण दाबून धरत होते, कारण स्टार्टर दाबूनच धरावा लागतो. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी पडद्यावरच्या तापमानाच्या काट्यावर ठेवलं होतं. काट्याला बोट लावल्याशिवाय त्यांचा त्याच्यावर विश्वास बसत नसे. आणि डावीकडचा खटका, ज्यानं इंजिनात तेल सुटतं किंवा थांबतं, तो रिकामा होता. तिसरा हात कुठून आणणार?

"या मॅडमजी," ते म्हणाले. "तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

खोटं होतं ते, पण मी बसले. भांडायला गेलेली मी पुढचे कित्येक महिने रोज कॉलेजच्या आधी त्यांच्या खटक्यावर बसत होते. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. काकूंचा चहा हे एक कारण होतं. आणि न चालू होणाऱ्या गोष्टीसमोर बसलं की उठवत नाही, हे दुसरं.

आमची पद्धत अशी. बोहनी झाली की काकाजी बॅटरी लावत. पंप लावत. मग म्हणत, "उघडा." मी खटका थोडा वर सरकवून तेल सोडे. मग ते स्टार्टर दाबत. खरं तर क्रम उलटा हवा, पण ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि काकाजींना ते पटलंही नसतं. सारी उमर त्यांनी गिऱ्हाईक यायच्या आधी दुकान उघडून ठेवलं होतं. गिऱ्हाईक दारात उभं आणि मग हा शटर वर करणार, असला दुकानदार त्यांना फुकट गेलेला वाटे. तेव्हा तेल आधी. इंजिन घूं करत जागं व्हायचं, तापमानाचा काटा उड्या मारत लाल रेघेकडे धावायचा, आणि काकाजी ओरडायचे, "वाढवा! वाढवा मॅडमजी, वाढवा!"

मी खटका पार वरपर्यंत वाढवायची.

धाड. पडद्यावर धूर. इंजिन जळालं.

दर वेळी हेच. वाढवा म्हणून त्यांनी ओरडायचं, मी वाढवायचं आणि आमचं इंजिन जळून खाक व्हायचं. काकाजी माझ्याकडे अशा नजरेनं बघत, जणू गिऱ्हाइकासमोर मी बांगड्यांचा अख्खा तोडा खाली टाकलाय. मी त्यांच्याकडे, हा माणूस भ्रमिष्ट आहे, अशा नजरेनं बघे. पण बोलायचं कुणीच नाही. मी भाडेकरू, त्यात बाईमाणूस, त्यात शिक्षिका, म्हणून ते मला रागावत नसत. ते वडीलधारे, त्यात घरमालक, म्हणून मी काही म्हणत नसे. चांगुलपणापायी इतकी इंजिनं जगात दुसरीकडे कुठे जळाली नसतील.

एकदाच त्यांना राहवलं नाही. "मॅडमजी, राग नका मानू. पण तुमच्या हाताले घाई आहे."

"तुम्हीच तर म्हणालात."

"मी म्हणालो म्हणूनच तं म्हणून राहिलो नं."

मी चहा प्यायले आणि कॉलेजला गेले. वर्गात मुलांना वाऱ्यांचे पट्टे शिकवले. माझं लक्ष नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी काकू वर आल्या त्या शेंगा न घेताच. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, रात्रभर नाटक चालतं आणि सासरी गेलेल्या लेकी त्या निमित्तानं माहेरी येतात. मंडईला लेक नाही आली तर शेजारणी विचारतात आणि विचारतच राहतात. पण काकूंना शेजारणींचं काही नव्हतं. लेकीला परदेशात काम मिळालं होतं. नवीन वर्ष लागलं की ती जाणार होती, आणि मग काही वर्षं तरी येणार नव्हती.

"आता नाही आली तं मंग कवा?" काकू म्हणाल्या. "अन् हे म्हणते, चालू झाल्याबिगर मी बोलत नाही. चालू तुमच्या दोघाच्यानं होत नाही. मले एक सांगा, तुमी शिकलेल्या नं? मंग काऊन होत नाही?"

मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला. नंबर लावलेलाच होता.

लेकीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. वडिलांसारखाच, जरा वरच्या पट्टीतला. मी कोण, ते सांगितलं. हेलिकॉप्टर चालू होत नाही, हेही सांगितलं. मला वाटलं, ती फोन ठेवणार. पण तिनं डॉक्टरासारखे प्रश्न सुरू केले. बॅटरी पुरेशी आहे का? पंपाचा आवाज येतो का? तेल कधी सोडता? मी म्हटलं, आधी. "आधी?" ती ओरडली. "स्टार्टरच्या आधी?" मग तिनं मला समजावलं. स्टार्टरनं आतला पंखा आधी जोरात फिरू द्यायचा, म्हणजे भरपूर हवा येते. मग थोडं तेल, मग आग. हवा नसताना तेल सोडलं की नुसती आग भडकते आणि इंजिन जळतं. "आणि काटा लाल रेघ ओलांडू लागला, तर तेल लगेच तोडायचं. स्टार्टर मात्र सोडायचा नाही, आतली आग हवेनं निवते. बाबा नाही तोडत का तेल?"

"तेल माझ्या हातात असतं," मी म्हटलं. "आणि ते तर ओरडतात, वाढवा, वाढवा. मी वाढवते."

मग ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला खोकला लागला.

"मॅडम," ती म्हणाली, "ते तुम्हाला बंद करा म्हणून राहिले हो."

मी फोन कानाला धरून तशीच बसले. माझ्या हातून जळालेली सगळी इंजिनं डोळ्यांपुढून गेली. दुकान वाढवा, दिवा वाढवा, तसं इंजिन वाढवा. जो माणूस बांगडीला फुटली म्हणत नाही, तो चालू होत असलेल्या इंजिनाला बंद करा कसा म्हणणार? काकाजी जिवाच्या आकांतानं तेल थांबवायला सांगत होते आणि मी इमानदारीनं आगीत तेल ओतत होते. मराठी माझीही मातृभाषा आहे. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

हसू ओसरल्यावर लेक म्हणाली, "माझंही असंच झालं होतं. शिकताना. आमचे सर उत्तरेकडचे. मी जमिनीवरच होते, इंजिन चालू होतं, ते म्हणाले, बढाओ. अन् माझा हात आपोआप उलटा गेला, मी इंजिनच बंद केलं. घरात जन्मभर तेच ऐकलं नं. पुरी बॅच हसली माझ्यावर. सर म्हणाले, घर जाओ, तुमसे नहीं होगा. खूप रडली मी त्या दिवशी."

"घरी सांगितलं नाही?"

"कोणाले सांगू? बाबाले? ते म्हणाले असते, म्हटलं होतं नं, तुझ्याच्यानं नाही होत." मग म्हणाली, "उद्या सकाळी बसवा त्यांना. मी फोनवर राहते. पण त्यांना सांगू नका."

दुसऱ्या दिवशी बोहनी झाली आणि मी फोन काउंटरवर, बांगड्यांच्या खांबाआड उभा करून ठेवला. स्पीकर लावून. काकाजींनी त्याच्याकडे पाहिलं.

"हा कायले ठेवला?"

"वेळ बघायला."

"भितीवर आहे नं घड्याळ." पण फोन तिथेच राहू दिला.

मी म्हटलं, "काकाजी, आज तेल आधी सोडायचं नाही. आधी हवा."

"कोन म्हणते?"

"ओळखीची आहे एक. तिला यातलं कळतं."

"तिले सांगा, गिऱ्हाईक आल्यावर दुकान नसते उघडत."

खांबाआडून कुणीतरी नाकातून श्वास सोडल्यासारखा आवाज आला. काकाजींनी घसा साफ केला. मी म्हटलं, ती म्हणते हे दुकान नाही. आणि दुसरं असं, की आजपासून 'वाढवा' म्हणायचं नाही. 'तोडा' म्हणायचं. हे ऐकून ते उठून उभेच राहिले. चालू होऊन राहिलेल्या गाडीले तोडा म्हणू? सकाळच्या पारी? बरीच घासाघीस झाली. शेवटी 'मागं घ्या' या शब्दांवर सौदा ठरला. ते बसले, बॅटरी लावली, पंप लावला. स्टार्टर दाबून धरला आणि काट्यावर बोट टेकलं.

इंजिन कण्हत फिरू लागलं. माझा हात खटक्यावर, आणि खटका पार खाली. इतका वेळ काहीच न करता थांबायचं, हे फार अवघड असतं. "उघडा नं," काकाजी पुटपुटले. मी थांबले. खांबाआडून अगदी हळू आलं, "अजून नाही... अजून नाही... आता."

मी खटका जरासा सरकवला. आत भस्सकन आग धरल्याचा आवाज आला आणि काटा चढू लागला. नेहमीसारखाच. लाल रेघेकडे.

"वा..." काकाजी ओरडले आणि शब्द गिळला. "मागं! मागं घ्या मॅडमजी, मागं!"

माझा हात मागे निघालाच होता.

"बाबा, थांबा," फोन म्हणाला. मोठ्यानं आणि स्पष्ट. "इतकं चढतेच ते. बटन नका सोडू. थांबा."

काकाजींनी फोनकडे पाहिलं नाही. पडद्यावरची नजरही हलवली नाही. पण त्यांचं ओरडणं थांबलं आणि माऊसवरचा हात तिथेच राहिला. त्या क्षणी मला त्यांची दया आली, हे सांगून टाकते. त्यांच्या बोटाखाली आग चढत होती आणि ज्या पोरीच्या हाताचं माप त्यांना पाठ होतं, तिच्या शब्दावर ते ती चढू देत होते. काटा लाल रेघेला टेकला. टेकून राहिला. मग खाली आला, हळूहळू, एकेका खुणेवरून.

"आता सोडा बटन," ती म्हणाली.

त्यांनी सोडलं. इंजिन बंद पडलं नाही. वरची पाती एकदा फिरली, मग दुसऱ्यांदा, मग ती मोजता येईनात. स्पीकरचा आवाज इतका झाला की काचेचा काउंटर थरथरू लागला आणि खांबावरच्या बांगड्या किणकिणू लागल्या. रस्त्यावर सायकली थांबल्या. कुणीतरी टाळी वाजवली. काकू हातात पिन तशीच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या.

काकाजी हसतील, उठतील, गावाला दाखवतील, असं मला वाटलं होतं. शेवटी पैज जिंकली होती त्यांनी. पण ते फिरणाऱ्या पात्यांकडे बघत बसले. मला म्हणाले, "रोज करते पोरगी हे? रोज?"

"दिवसातून कितीतरी वेळा."

"अन् मंग समुद्रावर जाते."

"हो."

त्यांनी खांबाआडून फोन उचलला. स्पीकर चालू होता, तो त्यांना काढता आला नसता आणि मी काढला नाही. त्यांनी तो कानाला लावला.

"बेटा," ते म्हणाले, "हे काही चालू होऊन नाही राहिलं आपल्याच्यानं."

इंजिनाच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नसावं. "काय बाबा?"

मग त्यांना ओरडावं लागलं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, पात्यांच्या आवाजाच्या वर आवाज काढून ते ओरडले, "म्हटलं, नाही झालं चालू! तूच ये अन् दाखव! मंडईले ये!"

आमच्याकडे हेलिकॉप्टर घरघरत होतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "ऐकू येऊन राहिलं मले, नाही झालं ते. येते मी."